झाकण कधी सुटेल?

वळिवाच्या दिवसांत माझी सकाळ फुग्याच्या आलेखाने सुरू होते. पहाटे 5.30 च्या निरीक्षणासाठी सोडलेला हा फुगा वर चढता चढता तापमान, आर्द्रता, वारा कळवत जातो. माझी नजर शोधते तो जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर बसलेला उष्ण, कोरड्या हवेचा थर. खालची दमट हवा वर निघाली की हा थर तिला पातेल्यावरच्या झाकणासारखा दाबून धरतो. झाकण कच्चं असेल तर भर दुपारच्या आतच ढग उठतात, चार सरी पडतात आणि विषय संपतो. फारच घट्ट असेल तर दिवसभर नुसती काहिली. धास्ती असते ती चार वाजेपर्यंत तग धरून मग सुटणाऱ्या झाकणाची. तोवर साठलेली सगळी ऊर्जा एकदम वर धावते, ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो, गारा धरतो.

सह्याद्रीत पहिला ढग कुठे उठेल हे सांगणं त्यातल्या त्यात सोपं. उतार लवकर तापतात, दुपारी खारा वारा ओल घेऊन घाट चढतो, आणि माथ्यावर ढग दिसू लागतो. पण तोच डोंगर रडारची किरणं अडवतो. पलीकडे खालच्या थरात काय चाललंय ते नीट दिसत नाही. सोलापूर-लातूरकडच्या सपाटीवर रडारला आडकाठी नाही, मात्र ढगाला ठरलेली जागाही नाही. तिथे कोरडे वायव्येचे आणि बंगालच्या उपसागराकडून येणारे दमट वारे कुठे भिडतात ते बघायचं. त्यात एका वादळातून सुटलेला गार वारा दूरवर पसरून दुसरंच वादळ उभं करतो. संगणकाची प्रारूपं इथे हमखास चकतात. मला विचाराल तर सपाटीच अवघड.

म्हणून सकाळी जिल्ह्यापुरतंच बोलावं. गाव-तालुक्याचं बोलायचं ते रडारवर ढग उभा राहिल्यावर, तीन तासांच्या तात्कालिक इशाऱ्यात. ढगावरून रडारकडे परतणाऱ्या लहरींची ताकद, म्हणजे परावर्तन, 55 डीबीझेडच्या पुढे गेलं की गारांचा संशय घ्यायचा. नाशिककडे एप्रिलमध्ये उन्हाळी कांदा काढून शेतातच पडलेला असतो. ताडपत्री टाकायला तेवढा वेळ पुरतो, पण पावसाआधी येणारा वारा तीच उडवून नेतो. इशाऱ्यात वाऱ्याचा वेग मी पहिल्या ओळीत लिहितो, पाऊस त्याखाली.