हवेवर तरंगणारा हात



मागे एकदा ध्वनीवर बोलून झाल्यावर एक प्राथमिक शिक्षक मला भेटले. त्यांच्या घरी जुना रेकॉर्ड प्लेअर होता. ते म्हणाले, "सर, तबकडीच्या कडेचे गाणे स्वच्छ लागते, पण आतले शेवटचे गाणे खरखरते. तबकडी तीच, सुई तीच; मग असे का?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात बरेच काही आहे.

पहिले कारण असे. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी, आपण एल.पी. म्हणतो ती तबकडी १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने बाजारात आणली. तिच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. आत, मध्यापासून ६ सेंटिमीटरवर, फक्त २१. म्हणजे तेवढेच गाणे निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने बसवलेले असते. याला घरी इलाज नाही.

दुसरे कारण मात्र हाताचे. इथे हात म्हणजे सुई धरणारी ती दांडी. मूळ तबकडी कापली जाते तेव्हा कापणारी सुई कडेपासून मध्याकडे एका सरळ रेषेत चालते. आपल्या यंत्राचा हात मात्र एका टोकाला खिळलेला. तो दाराच्या फळीसारखा फिरतो, आणि त्याची सुई कमानीत चालते. शेतात तास सरळ असावा आणि फाळ त्याच्याशी थोडा तिरपा धरावा, तसा हा प्रकार. जाणकारांनी यावर युक्ती काढली. इंग्लंडमध्ये पर्सी विल्सन यांनी १९२४ साली, आणि पुढे लोफग्रेन यांनी १९३८ व बेअरवाल्ड यांनी १९४१ साली याचे गणित मांडले. सुईचे डोके वीस-बावीस अंशांनी आत वळवायचे आणि हात तबकडीच्या मध्याच्या थोडा पुढे जाईल एवढा लांब ठेवायचा. असे केले की दोन ठिकाणी चूक शून्य होते व इतरत्र दोन-तीन अंशांच्या आत राहते. पण वळवलेल्या डोक्यामुळे घर्षणाची ओढ खिळीच्या रेषेत राहत नाही आणि सुई सारखी आतल्या भिंतीवर रेलते. एक दुखणे बरे करावे तो दुसरे उपटते!

मग सरळच प्रश्न उभा राहतो: हातच सरळ रेषेत का चालवू नये?

अडचण कुठे आहे ते हिशोबाने बघा. वीस मिनिटांत तबकडी सुमारे ६६७ फेरे घेते आणि तेवढ्या वेळात हाताने साडेआठ सेंटिमीटर जायचे असते. म्हणजे एका फेऱ्यात मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग. तोही कोण ढकलणार? खाचेची भिंत, सुईच्या नाजूक टोकाला धरून. इतक्या सावकाश चालीला छर्रे किंवा चाके घातली तर ती अडतात, सुटतात, पुन्हा अडतात. वंगण घातले तर तेच चिकटते. म्हणून काहींनी हवेचा आधार घेतला.

हवेचा आधार म्हणजे काही जादू नव्हे. गरम पाण्याने विसळलेला स्टीलचा पेला ओल्या ओट्यावर पालथा घाला. पुष्कळदा तो आपोआप घसरत जातो. आतली हवा तापून पसरते, काठाखालून निसटू पाहते आणि पेल्याला केसभर उचलते. हवेच्या हातात हेच काम पंप करतो. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील टॅलहॅसी येथे ब्रूस थिगपेन यांच्या एमिनेंट टेक्नॉलॉजीने १९८० च्या दशकात काढलेला हात याचे चांगले उदाहरण आहे. त्यात बाहेरची नळी स्थिर असते. तिच्या बारीक छिद्रांतून हवा आत येते आणि त्या हवेच्या पातळ थरावर आतली नळी तरंगते. धातूला धातू लागतच नाही. नळीच्या एका टोकाला सुई, दुसऱ्याला वजन.

असा हात बसवण्याच्या कामी मी एका स्नेह्यांना मदत केली, तेव्हा पहिला धडा पाणसळीने दिला. घर्षण नाही म्हटल्यावर उताराला अडवणारेही कोणी नाही. समजा, हलणाऱ्या भागाचे वजन ३० ग्रॅम आहे आणि नळी ३० सेंटिमीटरला फक्त १ मिलिमीटर कललेली आहे. ३० ग्रॅमचा तीनशेवा भाग, म्हणजे एक दशांश ग्रॅमचा जोर सुईवर आडवा पडतो. सुईवर वरून ठेवलेला भार जेमतेम दोन ग्रॅमचा! आम्ही चकतीला पाणसळ लावली, हाताला लावली नाही. वडिलांच्या वेळची एक नाट्यगीतांची तबकडी लावली, आणि सुई खाचा ओलांडत आत घसरली. तो ओरखडा आजही दर फेऱ्याला टक् करून वाजतो.

तेव्हा क्रम असा धरा. आधी टेबल जड व स्थिर हवे. कडप्प्याची फरशी उत्तम. मग चकती पाणसळीत आणा. मग पंप चालू करून, मागच्या वजनाने हात असा तोला की सुई हवेत राहील, आणि त्याला मोकळा सोडा. तो ज्या बाजूला वाहील ती बाजू स्क्रूने उचला. मधोमध स्थिर राहिला म्हणून थांबू नका, दोन्ही टोकांना तपासा. एका टोकाला स्थिर आणि दुसऱ्या टोकाला परत येत असेल तर दोष उताराचा नसून तारांचा असतो. सुईकडून येणाऱ्या त्या केसासारख्या तारा स्प्रिंगप्रमाणे ओढतात, त्यांना सैल वळसा द्या. त्यानंतर कागदावर मध्यापासून कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढून तो चकतीवर ठेवा. सुईचे टोक कडेला आणि आत, दोन्हीकडे त्या रेघेवरच पडले पाहिजे. शेवटी सुई बनवणाऱ्याने सांगितलेला भार छोट्या काट्यावर मोजून द्या. अंदाजाने देऊ नका.

आता सुधारणांकडे वळू. पहिली सुधारणा हवेची. मत्स्यालयाचा लहान पंप हवा एकसारखी देत नाही, धडधडत देतो, आणि ती धडधड सुईपर्यंत जाते. पंप आणि हात यांच्यामध्ये घट्ट झाकणाचा एखादा डबा घातला की लाटा शमतात. आमच्याकडच्या पावसाळ्यात त्याच डब्यात पाणी साठते, ते काढत जावे. पंपाच्या तोंडाशी धूळ अडवणारी गाळणी हवीच. डब्याचा आणखी एक उपयोग आहे. वीज गेली तर चकती आपल्या जडपणाने थोडी फिरत राहते, आणि हवा एकदम संपली तर हात जागच्या जागी चिकटतो. साठलेली हवा आपल्याला सुई उचलण्यापुरते काही क्षण देते.

दुसरी सुधारणा वजनाची, आणि मला तीच सर्वांत सुंदर वाटते. आडव्या चालीत सगळा हात एकजीव सरकतो, म्हणून तिथे मागचे वजन पूर्ण मोजले जाते. वरखाली मात्र तो तराजूच्या दांडीसारखा झुलतो. मागचे वजन हलके करून लांब नेले तर तोल तोच राहतो, आडवे जडत्व कमी होते, पण वरखालीचे वाढते. दोन्ही एकदम कमी होत नाहीत. सुईची दांडी लवचीक असल्याने हाताला एक स्वाभाविक वारंवारता असते. जडत्व जास्त तितकी ती कमी. आठ ते बारा हर्ट्झ बरी समजतात. त्याखाली वाकड्या तबकडीचे हेलकावे असतात, वर वीस हर्ट्झपासून ऐकू येणारा आवाज सुरू होतो. या हातात आडवी आणि उभी वारंवारता वेगवेगळी पडते, म्हणून दोघींचे अनुस्पंदन एकाच ठिकाणी साचत नाही. थिगपेन यांनी मागचे वजन पातळ स्प्रिंगच्या पट्टीवर लटकवले, तेही अनुस्पंदनाचा जोर मोडण्यासाठीच.

एवढा खटाटोप प्रत्येकाने करावा असे मी म्हणणार नाही. त्या शिक्षकांना मी साधाच हात नीट जुळवून दिला आणि बोथट सुई बदलायला लावली. निम्मी खरखर गेली. मात्र ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी एल.पी.च्या सुईने वाजवू नका. तिची खाच रुंद असते आणि बारीक टोक तळाशी जाऊन कचरा खरवडते. तिच्यासाठी जाड टोकाची सुई वेगळी मिळते.