उताऱ्यावरचा उतारा

आर्द्राचा पाऊस वैनगंगेच्या खोऱ्यात स्थिरावला, की साकोली, लाखांदूर, पवनी या तालुक्यांतील बांध्यांत रोवणीची एकच लगबग उडते. आणि पऱ्ह्यांच्या जुड्या घेऊन दिवसभर चिखलात वाकलेल्या बायामाणसांचे हातपाय, त्याच ओल्या धुऱ्यांच्या आश्रयास आलेल्या सापांच्या वाटेत येतात. भाताच्या या भंडारा जिल्ह्यात सर्पदंश हा पावसाळ्याचा जणू ठरलेला उपसर्ग आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्याही विषावर चालणारी लस सरकारी दवाखान्यात मिळते, हे आता गावोगाव ठाऊक झाले आहे. परंतु त्या लसीचा स्वतःचाच एक धोका आहे, आणि त्यावरही खात्रीचा इलाज आहे, हे तितकेसे ठाऊक नाही.

ही लस घोड्याच्या रक्तापासून बनते. घोड्याला विषाच्या लहान लहान मात्रा टोचून त्याच्या रक्तात जी प्रतिद्रव्ये उत्पन्न होतात, तीच शुद्ध करून रुग्णाच्या शिरेतून सोडतात. आणि ही परकी प्रथिने काही शरीरांना मुळीच मानवत नाहीत. सलाईन लावून दहा-पंधरा मिनिटे होतात न होतात, तोच रुग्ण मान खाजवू लागतो, पोटावर गांधी उठतात, ओठ सुजतात, छातीत घरघर ऐकू येते, आणि मनगटावरची नाडी बोटांखालून निसटू लागते. पेशींतून एकाएकी सुटलेल्या हिस्टामीनादी द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या सैल पडून पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो व श्वासनलिका आवळते. या विपरीत प्रतिक्रियेचे शास्त्रीय वर्णन १९०२ साली रिशे व पोर्तिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून केले, आणि रिशे यांना त्याबद्दल १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी, की तिच्यावरचा उतारा जवळजवळ त्याच सुमारास हाती आला होता. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतील अॅड्रेनॅलिन हे द्रव्य जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने १९०१ साली शुद्ध रूपात मिळवल्याचे जाहीर केले. ते सैल रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळी करते, हृदयाला जोर देते आणि पेशींतून होणारा तो उत्सर्गही रोखते. एकाच औषधाने इतकी कामे क्वचितच होतात. एक मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत ते एक मिलिग्रॅम असते. त्यातले अर्धे, प्रौढ माणसाच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत टोचावयाचे, आणि पाच-दहा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा.

कुपी स्वल्प किमतीची आहे. महाग पडते ती दिरंगाई. ‘आधी एव्हिल, मग हायड्रोकॉर्टिसोन, मग पाहू’ हा जुना शिरस्ता अनेक ठिकाणी अद्याप मोडलेला नाही. छाती धडधडेल, हात कापतील, ही धास्ती त्यामागे असते, आणि ते होतेही. पण ते काही वेळात ओसरते, कोसळलेला रक्तदाब मात्र वाट पाहत नाही. श्रीलंकेत १,००७ सर्पदंशग्रस्तांवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लसीपूर्वी दिलेल्या अॅड्रेनॅलिनच्या अल्प मात्रेने तीव्र प्रतिक्रिया लक्षणीयरीत्या घटल्या. हायड्रोकॉर्टिसोन व प्रोमेथाझीन यांनी त्या घटल्या नाहीत. म्हणूनच लस सुरू करण्यापूर्वीच अॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवावे, हे उत्तम.

मधमाश्यांचा दंश, शेंगदाणा, पेनिसिलिन, बालकांची लस, कशानेही हा प्रसंग ओढवू शकतो. लसीकरणानंतरच्या अशा प्रसंगी पहिली मात्रा देण्याची मुभा सरकारने आरोग्यसेविकेलाही दिलेली असून, वयानुसार मात्रेचा तक्ता तिच्या पेटीत असतो. घरच्यांनी एवढेच ओळखावे, की नुसत्या अंगावर उठलेल्या पित्ताला आमसुलाचे पाणी लावणे एक वेळ ठीक, पण त्याबरोबर दम लागला, आवाज बसला वा भोवळ आली, तर रुग्णास उभे न करता आडवे निजवून, पाय उंच ठेवून, दवाखाना गाठावा. दम फार लागला असेल तर तेवढे टेकून बसू द्यावे.

सर्पदंशाच्या रुग्णाचे काम मात्र एवढ्यावर भागत नाही. प्रतिक्रिया दिसताच थांबवलेली लस, रक्तदाब सावरला की धीम्या गतीने पुन्हा सुरू करावी लागते, कारण सापाचे विष अजून अंगातच असते.