भिंतीवरची चिकट फरशी : सोय किती, आभास किती?

घराची पारख दिवाणखान्यावरून करण्याचा प्रघात आहे; परंतु घराचे खरे आरोग्य कळते ते न्हाणीघरात. दिवाणखान्यातील उणीव पडद्याआड लपविता येते, न्हाणीघरातील ओल मात्र कोणाचीही भीड न धरता शेजारच्या खोलीच्या भिंतीवर उमटते. चुलीजवळची मोरी, तिच्यातील शहाबादी फरशी, तांब्याचा बंब आणि घंगाळ हे मराठी घरातील चित्र दोन-तीन पिढ्यांत पालटले. मोरीचे न्हाणीघर झाले, न्हाणीघराचे बाथरूम झाले आणि भिंतींवर चकचकीत टाइल्स चढल्या. त्या मालिकेत अलीकडे पाठीला गोंद लावलेल्या, कागद सोलून थेट भिंतीवर चिकटवायच्या टाइल्सची भर पडली आहे. गवंडी नको, सिमेंट नको, धूळ नको. एका दुपारी न्हाणीघर नवे! हे आश्वासन मोहक आहे खरे. पण शॉवरचे पाणी रोज ज्या भिंतीवर पडते, तेथे ते कितपत टिकते?

सरकारी निवासस्थानाचा पेच

नवी दिल्लीच्या नैर्ऋत्य भागातील आर. के. पुरम ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत. रामकृष्ण परमहंसांचे नाव धारण करणारी ही वसाहत क्रमांकांच्या सेक्टरांत विभागलेली आहे. सेक्टर ७ मधील टेकडीवरचे मलाई मंदिर ही तिची सर्वपरिचित खूण. देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे राहतात आणि त्यांत महाराष्ट्रातून बदलीवर आलेली कुटुंबेही असतात.

अशाच एका मराठी कुटुंबाची कल्पना करावी. कर्त्या पुरुषाच्या सेवानिवृत्तीस दोन वर्षे उरली आहेत. घरात ऐंशीच्या घरातील वृद्ध आई आहे. न्हाणीघरातील जुन्या पांढऱ्या टाइल्सपैकी काही सुटल्या आहेत, सांध्यांत काळी बुरशी धरली आहे आणि पलीकडच्या खोलीत गिलाव्याचे पोपडे पडत आहेत. घर स्वतःचे नाही; त्यामुळे परवानगीवाचून तोडफोड करता येत नाही आणि निवृत्तीनंतर सोडावयाच्या घरात मोठा खर्च करणे मनाला पटत नाही. आईला मात्र रोज त्याच ओल्या भिंतीचा आधार घेऊन स्नान करावे लागते. अशा वेळी सोलून चिकटवायच्या टाइल्सची जाहिरात दृष्टीस पडली, तर मोह न झाला तरच नवल. हा पेच एका वसाहतीपुरता नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे.

गोंदाची करामत आणि मर्यादा

दाब दिला की चिकटणारा गोंद ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. अमेरिकेतील रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली रंगाऱ्यांसाठी कागदी चिकटपट्टी तयार केली आणि १९३० साली पारदर्शक पट्टी आणली. आजच्या चिकट टाइल्समागे तेच तत्त्व आहे. पाणी वा उष्णता न देता, केवळ दाबाने गोंद पृष्ठभागावर पसरतो आणि धरून राहतो. म्हणूनच पृष्ठभाग कोरडा, गुळगुळीत आणि स्वच्छ असणे ही त्याची पहिली अट असते.

बाजारात या नावाखाली निरनिराळ्या वस्तू मिळतात. पातळ व्हिनाइलच्या टाइल्स, वर फुगीर नक्षी असलेल्या टाइल्स आणि फोमचे जाड तक्ते हे त्यांतील मुख्य प्रकार. फोमचे तक्ते ज्वालाग्राही असू शकतात, म्हणून ते गीझर आणि शेगडीपासून दूरच असावेत. याखेरीज खऱ्या सिरॅमिक टाइल्स बसविण्यासाठी दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या चटया परदेशांत वापरल्या जातात. तेथे गोंद केवळ टाइल धरतो. सांधे नेहमीप्रमाणेच भरावे लागतात. ही पद्धत आणि व्हिनाइलचे पातळ आवरण यांत गल्लत करू नये.

सदतीस मीटरचे सांधे

व्हिनाइल स्वतः पाण्याला दाद देत नाही. विक्रेता टाइलवर पाणी ओतून दाखवितो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. प्रश्न टाइलचा नसून दोन टाइल्समधील फटीचा आहे. दीड मीटर आणि सव्वा मीटरच्या जवळपास, म्हणजे १.५ व १.२ मीटर रुंदीच्या दोन लगतच्या भिंती १.८ मीटर उंचीपर्यंत मढवावयाच्या आहेत असे धरू. क्षेत्रफळ ४.८६ चौरस मीटर. ३० सेंटिमीटरच्या चौकोनी टाइल्स लागतील ५४. आता सांधे मोजावेत. टाइल्समधील उभे-आडवे सांधे २६.१ मीटर, कोपरा आणि बाहेरच्या कडा १०.८ मीटर, एकूण जवळजवळ ३७ मीटर. एवढ्याशा न्हाणीघरात पाण्याला आत शिरण्यासाठी ३७ मीटर लांबीची वाट मोकळी असते आणि त्यातील एक बोटभर कड उचलली गेली तरी पाण्याचे काम भागते.

दिल्लीचे हवामान या कामी साहाय्यच करते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा गोंद मऊ पडतो. जानेवारीत तो चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा गोंद ताठरतो. थंडीत दार-खिडकी लावून गरम पाण्याने स्नान होते आणि सारी वाफ गार भिंतीवर पाणी होऊन साचते. साबणाचा थर, कठीण पाण्यातील क्षार आणि ही वाफ मिळून कडा हळूहळू सोडवितात. आत गेलेले पाणी बाहेर येत नाही. व्हिनाइलच्या पडद्याआड अंधार, ओल आणि ऊब लाभल्याने बुरशीचे मात्र फावते. वरून न्हाणीघर नवे दिसते, आत भिंत कुजत असते.

म्हणूनच अशा टाइल्सच्या वेष्टनावर थेट पाण्याच्या माऱ्याची जागा टाळावी, अशी सूचना अनेकदा असते. ती बारीक अक्षरांत असली तरी ठळक अक्षरांइतक्याच गांभीर्याने वाचावी. कर्जाच्या करारपत्राला लागू असलेला हा नियम टाइल्सच्या खोक्यालाही लागू आहे.

आधी परीक्षा, मग खरेदी

ओल कोठून येते हे न शोधता भिंत झाकणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. थकलेले कर्ज नव्या कर्जाने फेडून खाते नियमित दाखविण्यासारखाच हा प्रकार. आकडा सुधारतो, दुखणे राहते. दोन सोप्या परीक्षा घरच्या घरी करता येतात. जुन्या टाइलवर नाण्याने हलके ठोकावे. आवाज पोकळ आला, तर मागील सिमेंट सुटले आहे असे समजावे. न्हाणीघराच्या पलीकडील भिंतीवर हात-दीड हाताचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूस पाण्याचे थेंब जमले, तर ओल भिंतीतून येत आहे. नळ वा सांधा दुरुस्त झाल्यावाचून कोणतेही आवरण टिकणार नाही.

सरकारी निवासस्थानात अशी गळती दुरुस्त करण्याची जबाबदारी देखभाल करणाऱ्या केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते. तेथे रीतसर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. भाड्याच्या घरात घरमालकास लेखी कळवावे. ओली भिंत आणि गीझरची विजेची जोडणी यांचा शेजार धोक्याचा असतो. म्हणून गळक्या विजेवर तत्काळ प्रवाह तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसविलेली आहे ना, हेही याच वेळी तपासून घ्यावे.

मग या टाइल्स वापरूच नयेत काय?

तसे नव्हे. आरशाभोवतालची भिंत, बेसिनमागची पट्टी, शिंतोडे फारसे उडत नाहीत तो भाग येथे त्या शोभतात आणि टिकतातही. भिंत साबणाच्या थरापासून मुक्त करावी, निदान एक दिवस पूर्ण वाळू द्यावी. पोपडे सुटणाऱ्या डिस्टेंपरवर त्या लावू नयेत. गोंद रंगाला धरेल, पण रंग भिंतीला धरणार नाही. जुन्या टाइल्सचे खोल सांधे आधी भरून सपाट करावेत, टाइल दाबून बसवावी, कडांना सिलिकॉन भरावे आणि ते वाळेपर्यंत साधारण २४ तास पाणी लागू देऊ नये. न्हाणीघराच्या जमिनीवर मात्र भिंतीसाठीच्या टाइल्स कधीही लावू नयेत. ओल्या पायाखाली त्या घसरड्या ठरतात.

स्वतःच्या घरातील शॉवरच्या भिंतीला मात्र आडवाट नाही. जलरोधक थर द्यावा, आयएस १५४७७ या भारतीय मानकाचा टाइल-चिकटा वापरून सिरॅमिक टाइल्स बसवाव्यात आणि सांधे नीट भरून घ्यावेत.

खर्चाचा हिशेब काळाशी जोडून करावा. समजा, चिकट टाइल्सना ४,००० रुपये लागले आणि त्या दोन वर्षे टिकल्या. पक्क्या कामास २०,००० रुपये लागले आणि ते वीस वर्षे टिकले. वार्षिक भार पहिल्या कामी २,००० रुपये, दुसऱ्या कामी १,००० रुपये. स्वतःच्या घरात पक्के कामच स्वस्त. त्यासाठी बँका घरदुरुस्तीचे कर्ज देतात आणि जुनी करप्रणाली स्वीकारणाऱ्या करदात्यास स्वतः राहत असलेल्या घराच्या अशा कर्जावरील व्याजापोटी वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. दोन वर्षांत सोडावयाच्या घरात हा हिशेब उलटतो आणि तेथे तिसरा मार्ग श्रेयस्कर ठरतो. गळतीची तक्रार करून ती दुरुस्त करून घ्यावी, परवानगीने सुटलेल्या तेवढ्याच टाइल्स पुन्हा बसवाव्यात, बुरशीचे सांधे खरवडून नव्याने भरावेत आणि वाचलेल्या पैशांत आईसाठी भिंतीला पक्के बसविलेले आधाराचे दांडके व पायाखाली न घसरणारी चटई घ्यावी.

आर. के. पुरममधील त्या कुटुंबाला खरी गरज याचीच होती. नवी नक्षी दोन दिवस डोळ्यांना सुखावते. हाताला धरावयास मिळालेला भक्कम आधार मात्र वृद्ध माणसाच्या रोजच्या स्नानातील भीती घालवितो. आणि दोन वर्षांनी घराची किल्ली परत करताना, पुढे येणाऱ्या कुटुंबाच्या हाती झाकलेली ओल नव्हे, तर कोरडी भिंत सोपविल्याचे समाधान लाभते.