अतर्क्य प्रेमकथा आणि तिचे पहिले वाचक

पॅरानॉर्मल रोमान्स ही मुळात प्रेमकादंबरी असते. मात्र प्रेमात पडणाऱ्या दोघांपैकी निदान एक जण सामान्य माणूस नसतो. तो व्हँपायर असेल, लांडग्याचे रूप घेणारा असेल, देवदूत किंवा भूत असेल. ती चेटूक जाणणारी असेल. मराठी वाचकांना नारायण धारप यांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा परिचयाच्या आहेत. भयकथेत अमानवी शक्तीने वाचकाच्या अंगावर काटा आणला की तिचे काम झाले. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये तीच शक्ती दोन जिवांच्या आड येते, आणि तो अडसर ओलांडून दोघे एकत्र कसे येतात ही खरी कथा असते. लिहिताना हा फरक ओळखावा लागतो, तसाच पुस्तकाला परीक्षक शोधतानाही. या प्रकारातले पुस्तक वाचकाला आधीच एक शब्द देते, आणि तो पाळला गेला की नाही याची साक्ष परीक्षण देते.

भयातून प्रेमाकडे

इंग्रजीतील या प्रकाराची मुळे गॉथिक कादंबरीत आहेत. होरेस वॉलपोल यांची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ 1764 मध्ये निघाली आणि पडके किल्ले, शाप, अघटित घटना यांची वाचकांना गोडी लागली. ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ 1897 ची. तिच्यातला व्हँपायर हा नायनाट करण्याजोगा शत्रू होता. 1976 मध्ये ॲन राइस यांनी ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’मध्ये व्हँपायरलाच स्वतःची कहाणी सांगू दिली. त्याचे एकटेपण आणि मनाची टोचणी वाचकाला कळली, आणि ज्याच्याविषयी कणव वाटते त्याच्यावर जीवही जडू शकतो, ही वाट खुली झाली. पुढे 1999 मध्ये क्रिस्टीन फीहान यांची ‘डार्क प्रिन्स’, 2001 मध्ये शार्लेन हॅरिस यांची ‘डेड अंटिल डार्क’ आणि 2005 मध्ये जे. आर. वॉर्ड यांची ‘डार्क लव्हर’ व स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ आली. 2008 मध्ये ‘ट्वायलाइट’वर चित्रपट निघाला आणि या कथांची मागणी शिगेला पोचली.

त्याच सुमारास पुस्तक छापण्याची आणि विकण्याची रीत बदलत होती. नोव्हेंबर 2007 मध्ये ॲमेझॉनने किंडल बाजारात आणले आणि लेखकाला स्वतःचे ई-पुस्तक स्वतःच विक्रीला ठेवण्याची सोय दिली. ती आता किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, म्हणजे केडीपी, या नावाने ओळखली जाते. 2010 पासून 2.99 ते 9.99 डॉलर किमतीच्या ई-पुस्तकांवर लेखकाला 70 टक्के रॉयल्टी मिळू लागली. प्रेमकादंबऱ्यांचे वाचक झपाट्याने वाचतात आणि एक भाग संपला की लगेच पुढचा मागतात. स्वस्त आणि तत्काळ मिळणारे ई-पुस्तक त्यांना सोयीचे पडले.

ऑस्टिनच्या लेखिकेचा अनुभव

या दोन प्रवाहांचा संगम अमांडा हॉकिंग यांच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या ऑस्टिन या गावी त्या अपंगांची देखभाल करणाऱ्या निवासात नोकरी करत. अनेक कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या, पण प्रकाशक आणि साहित्यिक एजंट यांच्याकडून नकारच येत होते. एप्रिल 2010 मध्ये, वयाच्या पंचविशीत, शिकागोतील मपेट्सचे प्रदर्शन पाहायला जाण्यासाठी तीनशे डॉलर जमवावेत म्हणून त्यांनी ‘माय ब्लड अप्रूव्हज’ ही व्हँपायरकथा किंडलवर ठेवली. मागोमाग ट्रोल जमातीभोवती फिरणारी ‘ट्रिल’ ही तीन भागांची मालिका आली.

जूनमध्ये त्यांना पुस्तकांवर हौसेने लिहिणाऱ्या वाचकांचा शोध लागला. ही मंडळी नोकरी-संसार सांभाळून याच प्रकारची पुस्तके वाचत आणि आपले मत जाहीरपणे मांडत. हॉकिंग यांनी त्यांना वाचनप्रती पाठवल्या, परीक्षणे येऊ लागली आणि विक्री झपाट्याने चढली. मालिकेचा पहिला भाग 99 सेंटला आणि पुढचे भाग त्याहून अधिक किमतीला ठेवल्याने नवखा वाचकही सहज आत येत होता. मार्च 2011 मध्ये सेंट मार्टिन्स प्रेसने नव्या चार पुस्तकांसाठी त्यांच्याशी वीस लाख डॉलरचा करार केला. तो स्वीकारताना त्यांनी जे कारण सांगितले तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे: पत्रव्यवहार, मुखपृष्ठ, संपादकांचा शोध यांत आठवड्याचे चाळीस तास घालवण्यापेक्षा त्यांना लिहायचे होते. स्वतःच प्रकाशक होणे म्हणजे लेखनाच्या जोडीला दुसरी पूर्ण वेळाची नोकरी करणे होय.

लिहिताना दिलेला शब्द

1980 मध्ये स्थापन झालेल्या ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या संघटनेने प्रेमकादंबरीच्या दोनच अटी सांगितल्या: प्रेमकथा केंद्रस्थानी असावी, आणि शेवट मनाला समाधान व आशा देणारा असावा. नायक-नायिकेची शेवटी ताटातूट झाली तर ते लेखन कितीही उत्कट असले तरी या प्रकारच्या वाचकाला ते फसवणूक वाटते. मालिकेत प्रत्येक भागात वेगळी जोडी घेतली की हा शब्द दर वेळी पाळता येतो. एकच जोडी अनेक भागांत असेल, तर कथा अपुरी आहे हे वाचकाला आधी कळले पाहिजे.

अतर्क्य अंश कथेत मुरला आहे का, हे तपासण्याची सोपी परीक्षा आहे. व्हँपायरच्या जागी श्रीमंत कारखानदार ठेवला आणि काहीच बिघडले नाही, तर ती अमानवी शक्ती नुसता मुलामा आहे. उलट प्रेम वगळूनही कथा तशीच चालली, तर ती अर्बन फँटसी आहे आणि तिचा वाचकवर्ग वेगळा आहे. खऱ्या पॅरानॉर्मल रोमान्समध्ये अडचण त्या शक्तीतूनच जन्मते. तो अमर आहे आणि ती म्हातारी होणार आहे. त्याच्या स्पर्शानेच तिला धोका आहे. तिच्या कुळाने त्याच्या जमातीशी पिढ्यान्‌पिढ्या वैर धरले आहे. असा प्रश्न संवादाने किंवा एका माफीने सुटत नाही. कोणाला तरी काही गमवावे लागते, आणि त्या त्यागातून प्रेमाचे वजन कळते.

या कल्पित जगाला नियम हवेत आणि प्रत्येक शक्तीची किंमत हवी. लांडगा होणारा माणूस रूप कधी बदलतो, त्यात त्याला काय सोसावे लागते, चेटकिणीला काय करता येत नाही, हे लेखकाने आधी ठरवून वहीत टिपलेले बरे. कथेत ते प्रसंगाप्रसंगाने उलगडावे. पहिल्याच प्रकरणात जमातीचा हजार वर्षांचा इतिहास ओतला तर वाचक तिथेच थांबतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे शेवटच्या प्रकरणात अचानक नवी शक्ती उगवून संकट दूर होणे.

नियतीने बांधलेली जोडी ही या प्रकारातली लाडकी कल्पना. तिच्यात एक सापळा आहे. सारे नियतीनेच ठरवले असेल, तर निवड कोणाची आणि ओढाताण कशाची? म्हणून कसलेले लेखक खूण आधी पटवतात आणि होकार शेवटपर्यंत लांबवतात. दोनशे वर्षे जगलेला, दुसऱ्याच्या मनावर ताबा मिळवू शकणारा नायक आणि विशीतली नायिका यांच्यात बळाचे पारडे आधीच झुकलेले असते. तिचा होकार तिचा स्वतःचा आहे, हे कथेतून ठसठशीत दिसावे लागते. परीक्षक सर्वाधिक कठोर होतात ते इथेच.

प्रसिद्धीपूर्वीची तयारी

हस्तलिखित पूर्ण झाले की आधी बीटा रीडर, म्हणजे संपादनापूर्वी हस्तलिखित वाचून मत देणारे वाचक, लागतात. हे पाच-सहा वाचक नात्यातले नसावेत, आणि त्यांनी हा प्रकार भरपूर वाचलेला असावा. त्यांना ‘आवडले का?’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. कुठे कंटाळा आला, कुठे नियम मोडल्यासारखा वाटला, दोघे एकमेकांवर का भाळले हे कधी पटले, असे नेमके प्रश्न विचारावेत. त्यानंतर रचनेचे संपादन, मग भाषेचे संपादन आणि सर्वांत शेवटी मुद्रितशोधन, हा क्रम पाळावा. जी प्रकरणे पुढे गळणार आहेत त्यांचे शुद्धलेखन आधीच तपासण्यात पैसा वाया जातो. संपादकाखेरीज खर्च करावा असे दुसरे ठिकाण म्हणजे मुखपृष्ठ. त्याकडे पाहताच कथेचा प्रकार आणि शृंगाराचे प्रमाण यांचा अंदाज यायला हवा. कोवळ्या प्रेमाचे मुखपृष्ठ आणि आत मोकळी शृंगारवर्णने असतील, तर पुस्तक चुकीच्या वाचकाच्या हाती पडते आणि परीक्षणात त्याचे पडसाद उमटतात.

परीक्षक शोधताना

प्रसिद्धीच्या चार ते आठ आठवडे आधी वाचनासाठी जी मोफत प्रत दिली जाते तिला एआरसी, म्हणजे आगाऊ वाचनप्रत, म्हणतात. ती घेणारे वाचक मिळवण्याचे अनेक मार्ग आहेत. 2008 मध्ये सुरू झालेल्या नेटगॅलीवर ग्रंथपाल, पुस्तकविक्रेते आणि परीक्षक आगामी पुस्तके मागून घेतात. तिथे शुल्क भरून स्वतंत्र लेखकालाही पुस्तक ठेवता येते. बुकसायरन्स आणि बुकस्प्राउट या सेवा स्वप्रकाशित लेखकांमध्ये रूढ आहेत. 2013 मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलेल्या गुडरीड्सवर वाचक पुस्तकांची वर्गवारी आणि मूल्यांकन करतात. तिथे व्हँपायर, शेपशिफ्टर (रूप बदलणारे) अशा उपप्रकारांचे वाचक नेमके सापडतात. ‘पब्लिशर्स वीकली’च्या बुकलाइफ या विभागामार्फत स्वप्रकाशित पुस्तक परीक्षणासाठी पाठवता येते, मात्र निवड होईलच असे नाही. कर्कस इंडी शुल्क घेऊन परीक्षण लिहून देते. शुल्क चारशे डॉलरच्या पुढे जाते आणि मत अनुकूल असेल याची हमी नसते. पहिल्याच कादंबरीसाठी एवढा खर्च करण्यापेक्षा तो संपादकावर केलेला अधिक फळतो.

सर्वांत टिकाऊ मार्ग मात्र कष्टाचा आहे. आपल्या कादंबरीशी जवळीक असलेली दहा-बारा अलीकडची पुस्तके निवडावीत, त्यांच्यावर मनापासून लिहिणारे कोण आहेत ते पाहावे, त्यांची जुनी परीक्षणे वाचावीत आणि त्यांचे नियम तपासावेत. काही जण स्वप्रकाशित पुस्तके घेत नाहीत, काहींना ई-प्रत चालत नाही, काहींनी नवीन पुस्तके घेणे तात्पुरते थांबवलेले असते. नियम न वाचता पाठवलेले पत्र त्यांचा वेळ खाते.

पत्र आटोपशीर असावे. परीक्षकाचे नाव, त्याच्याच कुठल्या लेखनामुळे हे पुस्तक त्याला रुचेल असे वाटले, कादंबरीचा उपप्रकार, चार-पाच ओळींत कथाबीज, शब्दसंख्या, प्रसिद्धीची तारीख आणि उपलब्ध फाइलचे स्वरूप एवढे त्यात यावे. हिंसा, मृत्यू, शृंगार यांची पूर्वसूचनाही द्यावी. पन्नास जणांना एकच पत्र एकगठ्ठा पाठवू नये. तारखेच्या आसपास एकदा नम्र आठवण करावी, त्यापुढे तगादा लावू नये. प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडून परीक्षण येतेच असे नाही, हे गृहीत धरून हव्या त्या संख्येपेक्षा अधिक प्रती द्याव्यात. केडीपी सिलेक्ट या योजनेत नोंदणी केली तर 90 दिवस ई-आवृत्ती इतरत्र देता येत नाही. म्हणून वाचनप्रतींचे वाटप त्याआधी उरकावे.

विकत घेतलेली स्तुती

ऑगस्ट 2012 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने परीक्षणांचा बाजार उघडकीस आणला. एक व्यावसायिक 99 डॉलरला एक आणि 999 डॉलरला पन्नास परीक्षणे विकत होता. त्यानंतर नियम घट्ट होत गेले. ॲमेझॉनने 2016 मध्ये मोबदल्याच्या बदल्यात लिहिलेल्या परीक्षणांवर बंदी आणली. पुस्तकांच्या मोफत आगाऊ प्रतींना सूट राहिली, पण परीक्षणाची अट घालायची नाही आणि मतावर दबाव आणायचा नाही या बोलीवर. नातेवाईक आणि जवळच्या मित्रांची परीक्षणे तिथे काढून टाकली जातात. लेखकांनी परस्परांना तारे वाटणेही निषिद्ध आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा बनावट परीक्षणांविरुद्धचा नियम ऑक्टोबर 2024 मध्ये लागू झाला. भारतात नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी आयएस 19000:2022 हे मानक जाहीर केले. मोफत प्रत मिळाली असेल तर परीक्षकाने तसे नमूद करावे ही प्रथा आता सर्वमान्य आहे.

मराठीतून असे लिहू पाहणाऱ्यालाही हे सारे लागू पडते. 2016 पासून किंडलवर मराठी ई-पुस्तके उपलब्ध आहेत. भारतातील विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी हवी असेल तर केडीपी सिलेक्टमध्ये नोंदणी करावी लागते. प्रतिलिपीसारख्या व्यासपीठावर मराठी भयकथा आणि प्रेमकथा दोन्ही वाचणारे लोक आहेत. बीटा रीडर तिथे भेटू शकतात.

परीक्षणे आल्यावर

प्रतिकूल परीक्षणाला लेखकाने उत्तर देऊ नये. ते परीक्षण इतर वाचकांसाठी लिहिलेले असते आणि वाद घातल्याने नुकसान लेखकाचेच होते. एकाला खटकलेली गोष्ट रुचीचा भाग असू शकते; पाच जणांना खटकलेली गोष्ट बहुधा दोष असतो. टंकनाच्या चुका ई-पुस्तकात लगेच दुरुस्त करता येतात, कथेतले कच्चे दुवे पुढच्या भागात सांधता येतात. कित्येकदा टीकाही वाचक मिळवून देते: ‘प्रेम फार हळू फुलते’ ही एकाची तक्रार दुसऱ्याला आमंत्रण वाटते. ज्यांनी मन लावून वाचले त्यांची नावे, मग त्यांनी दिलेले तारे दोन असोत वा पाच, लेखकाने जपून ठेवावीत. मालिकेच्या दुसऱ्या भागाची आगाऊ प्रत सर्वांत आधी त्यांना जायला हवी.