बांधावरचे सातभाई

जामसांवली म्हटले की भाविकांस पहुडलेल्या हनुमंताचे स्मरण होते. २०२३ मध्ये झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील या क्षेत्री जाणाऱ्या वाचकांनी दर्शनानंतर घटकाभर सौसरकडील संत्र्यांच्या बागांकडेही वळावे, असे आम्ही सुचवितो. बोरी-बाभळींच्या बुंध्याशी पाचोळा उलथीत, टुणटुण उड्या मारीत, अखंड कलकलाट करणारी करड्या पाखरांची टोळी तेथे दृष्टीस पडावी. हेच आपले सातभाई.

अंग मैनेएवढे, पण शेपटी चांगली लांब. उडताना तिच्या कडेची पांढरी पिसे उठून दिसतात. कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा या जातीस सर जॉन माल्कम यांचे नाव दिले. लोकांनी मात्र नात्याचे नाव पसंत केले. मराठीत हे भाऊ. इंग्रजांनी त्यांच्याच भाऊबंदांस ‘सात बहिणी’ म्हटले. थव्यात नरही असतात, माद्याही, आणि संख्या सातच असते असे नाही. तेव्हा दोन्ही नावे निम्मीच खरी!

नात्याची गोष्ट मात्र पूर्ण खरी. रानातल्या सातभाईंचा दिल्लीच्या परिसरात ए. जे. गॅस्टन यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला. पिले एका जोडप्याची असली, तरी त्यांना भरविण्यास थव्यातील इतरही झटतात. साप वा शिक्रा दिसताच सारे मिळून गिल्ला करतात. रात्री एकाच फांदीवर अंगाला अंग लावून झोपतात.

या एकोप्याचा लाभ परकेही घेतात. ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा आणि कवींचा लाडका चातक स्वतः घरटे बांधीत नाहीत. सातभाईंच्या निळ्या अंड्यांत आपले निळे अंडे घालून ते मोकळे होतात, आणि सातभाई ते पिलू पोटच्यासारखे वाढवितात. बांधावरून सातभाई गेले, तर मृगाच्या तोंडावरची ती हाकही क्षीण होईल.

या पाखरांस काटेरी झुडूप हवे, पाचोळा हवा आणि त्यातील किडे हवेत. झुडपे तोडून तारेचे कुंपण घातले, पाचोळा पेटविला, विषारी फवारे मारले, की घर आणि घास दोन्ही जातात. म्हणून शेतकरी बांधवांस आमची विनंती आहे की, बांधाचा एखादा कोपरा तसाच राहू द्यावा. आणि हिंदी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांस ती टोळी दाखवून तिचे मराठी नाव अवश्य सांगावे.