पायांखालून गेलेला चेंडू

१९७४ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत फ्रेड स्नॉडग्रास नांवाचे एक वृद्ध गृहस्थ वयाच्या ८६ व्या वर्षीं निवर्तले. ऑक्सनार्ड शहराचें नगराध्यक्षपद त्यांनीं भूषविलें होतें. परंतु 'न्यूयॉर्क टाइम्स' पत्रानें त्यांच्या निधनवार्तेला जो मथळा दिला, त्यांत १९१२ सालीं त्यांच्या हातून सुटलेल्या एका झेलाखेरीज त्यांच्या आयुष्यांतील दुसऱ्या कशाचाही उल्लेख नव्हता. मध्यें सुमारें ६२ वर्षें लोटलीं होतीं! त्या झेलानंतर लगेच पुढच्याच फटक्यावर त्यांनीं एक अत्यंत अवघड झेल घेतला होता, पण तो मथळ्यांत कसा यावा?

आपल्याकडील मोठ्या कुटुंबांतून हा प्रकार अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. लग्नाच्या पंगतींत एखाद्याच्या हातून तुपाचें भांडें उपडें झालें, तर तो पुढें केवढाही अधिकारी होवो, आत्याबाई नव्या सुनेला त्याची ओळख तुपावरूनच करून देतात. मात्र तेथें त्यामागें जिव्हाळा असतो. पन्नास हजार अनोळखी प्रेक्षकांच्या ठिकाणीं तो कोठून असणार?

बेसबॉल हा खेळच असा आहे कीं, त्यांत चूक लपत नाहीं. मैदानांत चार कोपऱ्यांवर चार 'बेस' असतात. चेंडू टोलवून त्या सर्वांना क्रमानें स्पर्श करीत जो घरीं परत येईल, त्याची एक धाव. तीन गडी बाद झाले कीं पाळी संपली. प्रत्येक पक्षाच्या अशा नऊ पाळ्या, आणि बरोबरी झाल्यास आणखी. क्रिकेटप्रमाणें येथें धावांचा पाऊस पडत नाहीं. चार-पांच धावांवर सामन्याचा निकाल लागतो. शिवाय धावफलकावर धावा व फटके यांच्या शेजारीं चुकांचा एक स्वतंत्र रकाना असतो. चुकांची अशी जाहीर नोंद ठेवणारा दुसरा खेळ क्वचितच आढळेल.

१९०८ सालीं फ्रेड मर्कल हा अवघ्या १९ वर्षांचा मुलगा, आपल्या संघाची विजयी धाव झाली असें समजून, दुसऱ्या बेसला स्पर्श न करतांच मैदानाबाहेर वळला. ती धाव रद्द झाली, सामना बरोबरींत धरला गेला आणि तो पुन्हां खेळवला असतां त्याचा संघ हरून अजिंक्यपदास मुकला. 'मठ्ठ डोक्याचा' ही पदवी त्याला जन्मभर चिकटली. १९५० सालीं जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यास तो न्यूयॉर्कच्या मैदानावर आला, तेव्हां लोकांनीं त्याचें मनापासून स्वागत केलें. म्हणजे त्याला ४२ वर्षें वाट पाहावी लागली.

परंतु या प्रश्नाचा खरा कस लागला तो बिल बकनरच्या बाबतींत. २५ ऑक्टोबर १९८६ ची ती रात्र. बोस्टनच्या 'रेड सॉक्स' संघानें १९१८ नंतर एकदांही 'वर्ल्ड सीरीज' जिंकली नव्हती. सात सामन्यांपैकीं चार जिंकणारा विजयी. बोस्टनचे तीन झाले होते, न्यूयॉर्कच्या 'मेट्स' संघाचे दोन. सहाव्या सामन्याच्या दहाव्या पाळींत बोस्टन ५-३ असें पुढें, न्यूयॉर्कचे दोन गडी बाद आणि बेसवर कोणीच नाहीं. आणखी एक गडी बाद झाला कीं ६८ वर्षांचा उपास सुटणार! तोंच लागोपाठ तीन फटके बसून एक धाव झाली. मग बोस्टनच्या गोलंदाजाचा एक चेंडू भलतीकडे गेला आणि ५-५ अशी बरोबरी झाली. त्यानंतर मुकी विल्सननें मारलेला एक साधा सरपटी चेंडू पहिल्या बेसजवळ उभ्या असलेल्या बकनरच्या दोन पायांमधून पलीकडे गेला, आणि न्यूयॉर्कची सहावी धाव झाली.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावयास हवी. चेंडू बकनरच्या पायांखालून गेला त्यापूर्वींच आघाडी नाहींशी झालेली होती. तो त्यानें अडविला असता तरी बोस्टन जिंकलें नसतें, सामना फक्त पुढें चालू राहिला असता. त्याचे घोटे इतके दुखावलेले होते कीं, सामन्याच्या अखेरीस त्याच्या जागीं बहुधा दुसरा गडी उभा करीत. त्या रात्रीं व्यवस्थापकानें तसें केलें नाहीं. आणि अद्याप सातवा सामना बाकी होता! त्यांत बोस्टन ३-० असें पुढें असूनही ५-८ असें हरलें. परंतु लोकांना इतका हिशेब नको असतो. पराभवाला एक चेहरा हवा असतो, आणि दूरचित्रवाणीनें तो वारंवार दाखविला. ज्यानें २२ हंगामांत २,७१५ फटके मारले, १९८० सालीं 'नॅशनल लीग'मध्यें फलंदाजीची सर्वोच्च सरासरी मिळविली, त्याच्या नांवावर एक निसटलेला चेंडू तेवढा उरला.

मग बोस्टनकरांनीं त्याला क्षमा केली कीं नाहीं? १९९० सालीं तो त्याच संघांत परतला, तेव्हां पहिल्याच दिवशीं फेनवे पार्कमधील प्रेक्षकांनीं उभे राहून टाळ्या वाजविल्या. म्हणजे मैदानांतील लोकांचा राग चार वर्षांतच निवाला होता. तरीही टोमणे थांबले नाहींत, आणि १९९३ सालीं तो कुटुंबासह दूर आयडाहोंत राहावयास गेला. आमच्या मतें यांत विसंगति नाहीं. माणूस समोर उभा राहिला कीं लोक विरघळतात. पण तो समोर नसला कीं मागें राहते ती त्याची गोष्ट, आणि ती सांगणाराला तींत दुरुस्ती नको असते. २००४ सालीं बोस्टननें अखेर विजेतेपद मिळविलें, २००७ सालीं पुन्हां मिळविलें, तेव्हां कोठें त्या गोष्टीची धार बोथट झाली. ज्याचें देणें फिटलें त्याला उदार होणें सोपें जातें, हें थोडें कडू असलें तरी खरें आहे.

८ एप्रिल २००८ रोजीं हंगामांतील घरच्या मैदानावरील पहिल्या सामन्याच्या आरंभीं मानाचा पहिला चेंडू टाकण्यास बकनरला बोलाविण्यांत आलें. टाळ्यांचा कडकडाट थांबेना. त्यानें डोळे पुसले आणि १९८६ च्या संघांतील आपला सोबती ड्वाइट इव्हान्स याच्याकडे चेंडू टाकला. नंतर तो जें बोलला त्याचा आशय असा होता कीं, क्षमा मलाच करावयाची होती, आणि तीही बोस्टनच्या प्रेक्षकांना नव्हे तर वृत्तपत्रवाल्यांना. माझ्या घरच्यांना जें सोसावें लागलें त्याबद्दल.

ज्याच्या फटक्यानें हें सारें घडलें त्या मुकी विल्सनशीं त्याचा पुढें चांगला स्नेह जमला. २०१९ सालीं बकनर वारला. तत्पूर्वीं कित्येक वर्षें हे दोघे शेजारीं शेजारीं बसून, लोकांनीं पुढें केलेल्या त्याच क्षणाच्या छायाचित्रांवर सह्या करून देत असत.