चाचणी निगेटिव्ह, तरी पाऊल उशिरा का?

जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली बाळांच्या हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले. त्यासाठी दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतील घरांमधली मुलेही अभ्यासली होती. निरोगी मूल आधाराविना साधारण 8 ते 18 महिन्यांच्या दरम्यान चालू लागते. आईला एचआयव्ही असूनही औषधांमुळे संसर्ग टळलेले बाळ यात मागे पडले, की दोष विषाणूच्या किंवा औषधांच्या माथी मारला जातो. गर्भातला संपर्क, अपुऱ्या दिवसांचा जन्म यांचा परिणाम होऊ शकतो, हे खरेच. पण आजारी आई, तुटपुंजी कमाई आणि बाळाला रांगायलाही जागा नसलेली खोली यांचाही त्यात वाटा असू शकतो. जन्माआधीचे बदलता येत नाही. मोकळी जमीन, खुळखुळा, बाळाशी बोलणारे माणूस मात्र देता येते. म्हणून 18व्या महिन्याच्या अंतिम एचआयव्ही चाचणीची वाट न पाहता, दवाखान्यातल्या पहिल्या भेटीपासूनच घराची विचारपूस व्हायला हवी.